हिरवं झालं होतं

माझ्यामुळे एका मुलीचा शब्द खोटा पडला. तो खरा होता हे सांगू शकणारा माणूस ऑफिसात मी एकटाच होतो, आणि मी सांगितलं नाही. घरी बायकोलाही नाही. आधी आमचं काम काय ते सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

साखळी गावच्या बाजारात एका कापडाच्या दुकानावर आमचं ऑफिस आहे. मी मूळचा कोरगावचा. आधी एका खाण कंपनीत होतो, ट्रकांच्या वजनकाट्याचे प्रोग्रॅम लिहायचो. खाणी बंद पडल्या तेव्हा नव्या नोकरीचं वय उरलं नव्हतं. या ऑफिसच्या मालकाने मला घेतलं. तो माझ्यापेक्षा लहान, साखळीतल्याच व्यापारी घरातला. मला 'भाऊ' म्हणतो. आम्ही लहानमोठ्या गिऱ्हाइकांना सॉफ्टवेअर करून देतो. एक दूध सोसायटी, एक बसवाला, दोन शाळा, आणि डिचोलीचं एक डायलिसिस सेंटर.

प्रत्येकाचा कोड वेगळा, पण तो सर्व्हरवर चढवण्याची रीत एकच. आपण बदल ढकलायचा, पुढचं आपोआप होतं. तपासण्या चालतात, जुन्याची प्रत काढून ठेवली जाते, मग नवं चढतं. याला आम्ही पाइपलाइन म्हणतो. शेवटी पडद्यावर एक खूण येते. लाल आली तर कुठेतरी अडलं, हिरवी आली तर काम झालं. हिरवी बघून माणूस बिनघोर चहाला उठतो.

ही कामं करणाऱ्या छोट्या स्क्रिप्ट पूर्वी प्रत्येक प्रोजेक्टात वेगळ्या चिकटवलेल्या असत. सोसायटीच्या स्क्रिप्टमधली चूक सुधारली तरी शाळेच्या स्क्रिप्टमध्ये ती तशीच राहायची. मी त्या सगळ्या एका जागी आणल्या आणि त्या जागेला नाव दिलं 'भांडार'. आमच्या वाड्यावर देवळात मोठी तपेली, काहिली ठेवलेली असतात. ज्याच्या घरी लग्न, तो नेतो, घासून परत आणून ठेवतो. तसंच हे. प्रत्येक प्रोजेक्टाने भांडारातून ताजं असेल ते उचलायचं. मालक खूश झाला. भांडार माझं झालं. त्यात दुसरं कुणी हात घालत नसे.

एकटी आमोणे गावची ती मुलगी कुरकुरली. ती आमच्यात हुशार होती, वयाने माझ्या धाकट्या बहिणीहून लहान. मला दादा म्हणायची, मी तिला बाय म्हणायचो. डायलिसिस सेंटरचं काम तिच्याकडे होतं.

"दादा, भांडाराची कुठली आवृत्ती घ्यायची ती ज्याने त्याने आपल्या प्रोजेक्टात लिहून ठेवूया," ती म्हणाली. "तुम्ही नवं काही घातलंत तर आम्ही तपासून मग घेऊ."

"म्हणजे दर वेळी पाच ठिकाणी आकडे बदलत बसा. ताजं ते बरं. पाववाल्या पोदेराकडे काय कालचे उंडे मागतेस?"

"पोदेर निदान उंड्यात काय घातलं ते सांगतो. तुम्ही तर देवळाचं तपेलं घरी नेऊन कान बदलून आणून ठेवता, आणि तोंडातून शब्द नाही."

सगळे हसले, मीही. पण तिचं ऐकलं नाही. मोठेपणाचा मान ठेवायचा म्हणून तीही गप्प बसली.

आमच्याकडे चवथ, गणेशचतुर्थी, म्हणजे वर्षातला मोठा सण. जो तो आपल्या मूळ घरी जातो. त्या दिवसांत कुणी नवं काही चढवत नाही, असं मी धरून चाललो होतो. पण काही कामं रोज ठरल्या वेळी आपोआप चालत. आदल्या वर्षी त्यातलं एक ऐन आरतीत अडलं होतं. लाल खुणेची मेल मालकासकट सगळ्यांना गेली आणि मला टाळ खाली ठेवून लॅपटॉप उघडावा लागला. यंदा तसं नको म्हणून चवथीआधी मी भांडारात चार ओळी टाकल्या. तयेपासून, म्हणजे चवथीच्या आदल्या दिवसापासून, दीड दिवसाचे गणपती पाण्यात पोचेपर्यंत कुठल्याच प्रोजेक्टाने काही चढवायचं नाही. तपासण्याही नाहीत. सरळ बाहेर पडायचं, हिरवी खूण दाखवून.

थांबायचंच तर लाल दाखवून थांबता आलं असतं. निदान 'सुट्टीमुळे चढवलेलं नाही' एवढं लिहिता आलं असतं. मी ते जाणूनबुजून लिहिलं नाही. आमचं काम सणासुदीलाही बंद नसतं असं मालक गिऱ्हाइकांना छातीठोक सांगायचा. ते वाक्य त्याच्या नजरेला पडलं असतं तर मला काढून टाकायला लावलं असतं. मला निवांत आरती हवी होती.

त्या वर्षी तिच्या घरी सुतक होतं. चुलता वारलेला, गणपती आणायचा नव्हता.

"दादा, आमच्याकडे यंदा काही नाही. मी बसते ऑफिसात. तुम्ही सगळे जा घरी," ती आपणहून म्हणाली. मी तिच्यासाठी नेवऱ्या, म्हणजे करंज्या, आणायचं कबूल केलं आणि कोरगावला गेलो. त्या चार ओळींचं सांगायचं मनातही आलं नाही.

चवथीच्या सकाळी मी स्टुलावर उभा राहून गणपतीवर टांगायच्या माटोळीला सुपारीचा घड बांधत होतो. फोन तिचा.

"दादा, चवथीचा त्रास देते, रागावू नका. सेंटरच्या पेशंटांना जुनीच वेळ गेली."

सेंटरने त्या दिवसापुरती वेळ बदलली होती. दुपारी दोनच्या पेशंटांनी सकाळी सहालाच यायचं, म्हणजे तिथल्या माणसांना दुपारपर्यंत आपापल्या गणपतीकडे जाता येईल. पेशंटांना आदल्या संध्याकाळी आपोआप मेसेज जातो. त्यातली वेळ तिने तयेच्या दुपारीच बदलून चढवली होती.

"चढवली होतीस ना?" मी विचारलं. मला सगळं कळून चुकलं होतं, तरी विचारलं.

"हिरवं झालं होतं दादा. मी डोळ्यांनी पळयलं. सेंटरवाले सकाळपासून वाट बघतायत, एक माणूस आला नाही. आता एकेकाला फोन करून बोलावतायत."

मी तिला थांब म्हटलं आणि आतल्या खोलीत लॅपटॉप उघडला. बाहेर बायको केळीची पानं पुसत होती. त्या चार ओळी मी पुसल्या आणि फोन कानाला लावला.

"परत चढवून बघ."

थोड्या वेळाने ती म्हणाली, "चढलं." मग, "काल पण असंच हिरवं झालं होतं. भांडारात तुम्ही काही बदललंत काय?"

"ना," मी म्हटलं.

ती स्वतः उघडून बघू शकली असती. तिला ती मुभा होती. मी ना म्हटलं म्हणून तिने बघितलं नाही.

साडेदहाच्या सुमाराला तिचा पुन्हा फोन. बाकीचे पेशंट पोचले होते. एका म्हाताऱ्याचा फोन लागत नव्हता. तो पेडण्याच्या बाजूचा. इकडे जागा मिळाली नाही म्हणून डिचोलीला जायचा. घर डोंगराच्या पोटात, तिथे रेंज कधीमधीच येते. मेसेज बघून तो दोनला येणार, आणि सेंटर बाराला बंद होणार.

"तुमच्याकडून जवळ ना ते? जाऊन सांगाल? त्याचा डायलिसिसचा मागचा एक वार आधीच चुकलाय दादा. आजचा चुकला तर..."

मी स्कूटरची चावी घेतली. बायको म्हणाली, "खंय चललात? भटजी येतले आता."

"आलोच."

"गणपतीक सांगा तुमीच, आलोच म्हणान," ती मागून म्हणाली.

रस्त्यावर माणूस नव्हतं. घराघरांतून आरतीला वाजणाऱ्या घुमटाचा आवाज येत होता आणि मी शर्टाची बटणं उलटसुलट लावून स्कूटर पळवत होतो. एका वळणावर गुरं आडवी बसलेली. हॉर्न दिला तर एकही हलेना. उतरून हाकलावी लागली. तेवढ्यातही डोक्यात वाक्यं जुळत होती, कुणी विचारलं तर काय सांगायचं त्याची. म्हाताऱ्याचं काय होणार, हा विचार त्याच्या मागून येत होता. हे लिहायला जड जातं, पण क्रम तसाच होता.

घराला कुलूप. शेजारची बाई कमरेला पदर खोचून बाहेर आली.

"गेली ती दोघांय. रिक्षेवाल्याक लवकर परत येवचा होता, चवथ ना त्याचीय? म्हणान बेगीन भायर पडली."

"किती वेळ झाला?"

"झालो बरोच. तुमी कोण त्यांचे?"

रेंज मिळेपर्यंत डोंगरावर चढलो, तोवर बारा वाजून गेले होते, आणि सेंटरला फोन लावला. वाजत राहिला. उरलेल्या पेशंटांचं आटोपून लोक घरी गेले होते. सेंटरची डॉक्टरीण गावाला गेलेली. मी ऑफिसात तिला फोन केला.

"मी जाते डिचोलीला," ती म्हणाली. "शटरपाशी उभी राहते. तुम्ही तिथेच रेंजमध्ये थांबा."

मी थांबलो. काजूच्या झाडाखाली एका दगडावर बसून फोनकडे बघत होतो. घरून दोनदा फोन आला, घेतला नाही. तो म्हातारा बंद शटर बघून परत फिरला तर वाटेत त्याला गाठणार कोण? रिक्षेत फोन लागला तर लागला. त्याच्या बायकोकडे फोन होता की नाही तेही ठाऊक नव्हतं. मला त्याचा चेहराही माहीत नव्हता.

शेवटी फोन आला. ती धापा टाकत होती.

"मिळाले. पायरीवर बसलेले. रिक्षावाला सोडून गेला. आजोबांचे पाय फुगलेत, बोलताना दम लागतोय. मी मशीनवाल्याच्या घरी जाते, इथेच मागे राहतो."

मशीन चालवणारा टेक्निशियन जेवायला बसला होता. सोवळं नेसलेला, पान वाढलेलं. हिने दारातूनच हाक मारली. तो म्हणाला, "बाय, जेवू दी तरी." ही म्हणाली, "जेव. मी ह्या आजोबांना इथे तुझ्या दारात आणून बसवते, त्यांच्याकडे बघत जेव." तो सोवळ्यावर शर्ट चढवून निघाला. हे मला पुढे त्यानेच हसत हसत सांगितलं.

संध्याकाळी तिचा फोन आला. "झालं दादा. बरे आहेत. गाडी करून दिली त्यांना. मी घरी जाते."

मी सुटकेचा श्वास टाकला, आणि त्याच श्वासात वाटलं, बरं झालं, आता सांगायची गरज उरली नाही.

सणानंतर डॉक्टरणीने मालकाला फोनवर झाडलं. माणूस दारात मेला असता तर कोण जबाबदार? आणि वर ती मुलगी मला हिरवं-निळं सांगते! मालकाने आम्हां दोघांना आत बोलावलं. तिची ती पहिली हिरवी खूण आता कुठेच दिसत नव्हती. जागा वाचवायला आम्ही तेव्हा प्रत्येक प्रोजेक्टाच्या शेवटच्या फेरीचीच नोंद ठेवत असू. सकाळी परत चढवल्यावर आदल्या दिवशीची गेली. पण तिने लॅपटॉप मालकापुढे फिरवला.

"सर, हा बघा माझा बदल. तारीख आदल्या दिवसाची आहे. दुपारची."

मालकाने माझ्याकडे बघितलं. "भाऊ?"

मी म्हटलं, "ही तारीख बदल लिहिल्याची आहे. चढवल्याची नव्हे."

ते खरं होतं. आमच्या धंद्यातला कुणीही हेच सांगेल. त्या खऱ्या वाक्याने मी तिला खोटं पाडलं.

"हिरवं झालं आणि चढलंच नाही, असं होतं काय कधी?" मालकाने विचारलं.

"सहसा नाही."

"सहसा म्हणजे?"

"नाही होत."

ती माझ्याकडे बघत होती. रागाने नाही, शाळेत गणित चुकलेलं पोर फळ्याकडे बघतं तशी. मग हळूच म्हणाली, "मग मी चढवलंच नसणार."

सेंटरचं काम तिच्याकडून काढलं. मालक तिच्यापुढे गिऱ्हाइकांची नावं घ्यायचा बंद झाला. दसऱ्याच्या आत तिने नोकरी सोडली. जाताना टेबल पुसून, खुर्ची आत सरकवून गेली. नेवऱ्यांचा डबा मी तिला दिलाच नव्हता.

नंतर मी भांडारात तिने सांगितलेलं सगळं केलं. प्रत्येक प्रोजेक्टाला आवृत्तीचा आकडा. काही गाळलं तर गाळलं म्हणून ठळक ओळ. दुसऱ्याने बघितल्याशिवाय माझाही बदल आत जायचा नाही. मालकाने नव्या मुलांपुढे माझं कौतुक केलं, "भाऊंसारखं जपून काम करायला शिका." मी मान हलवली. मधे काही चवथी गेल्या.

गेल्या महिन्यात मी मालकाच्या टेबलासमोर बसलो असताना पणजीच्या एका कंपनीतून त्याला फोन आला. तिकडे हिला घ्यायचं चाललं होतं. पूर्वी जिथे काम केलं तिथे विचारून बघत होते. मालकाने फोन छातीशी दाबला.

"आमोणेची ती. काय सांगू हो? कामाला बरी होती, पण जीभ खोटी."

मला त्या क्षणी कुठून धैर्य आलं असं नाही. 'जीभ खोटी' हे शब्द मी इतकी वर्षं त्याच्या तोंडात ठेवले होते, ते आता फोनमधून पलीकडे जाणार होते. मी म्हटलं, "तिचं खरं होतं. तिने चढवलं होतं. भांडारात मी अडवून ठेवलं होतं."

तो फोनवर म्हणाला, "पाच मिनिटांनी करतो." मग माझ्याकडून सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाच बोलला, "आणि तुम्ही माझ्या तोंडावर 'नाही होत' म्हणालात?"

"हो."

"इतकी वर्षं मी जगाला सांगत फिरलो, ती खोटारडी म्हणून." त्याने फोन उचलला. तिच्याबद्दल जे चांगलं सांगण्यासारखं होतं ते सगळं त्याने माझ्यासमोर सांगितलं. फोन ठेवला आणि म्हणाला, "तिला तुम्ही सांगायचं. आजच. जावा."

आमोण्याला नदीच्या बाजूला त्यांचं घर. ती पडवीत लॅपटॉप घेऊन बसली होती, घरूनच कुणाची तरी लहानसहान कामं करत होती. मला बघून उठली. "दादा! या. बसा."

मी बसलो नाही. उभ्यानेच सांगितलं. तिने मधे काही विचारलं नाही. सांगून झाल्यावर म्हणाली, "किती ओळी होत्या?"

"चार."

"चार," ती म्हणाली. लॅपटॉप हळूच मिटला. "मी अजून काही चढवलं ना, की दुसऱ्या दिवशी उठून परत बघते. तिसऱ्या दिवशी पण बघते. गॅस बंद करते आणि निजायला गेल्यावर परत उठून बघते. मला वाटलं माझ्याच डोक्यात काही बिघडलंय. दिसतं एक आणि असतं एक."

"बाय, मी..."

"मला नको सांगू आता. झालं सांगून." ती मला पहिल्यांदाच एकेरी बोलली होती. "बाबांना सांग. नोकरी गेली तेव्हा ते म्हणाले, काम केलं नाहीस तर केलं नाही म्हणावं, खोटं कशाला बोलावं. अजून तसंच समजतात. चल आत."

तिचे वडील जन्मभर बार्जवर होते. इंजिनाच्या आवाजाने कान गेलेले. उघड्या जनेलापाशी खुर्चीत बसून बाहेर नदीकडे बघत होते. मी जवळ जाऊन, जन्मात कधी बोललो नाही एवढ्या मोठ्या आवाजात, सांगायला लागलो.

"कितें?" त्यांनी कानामागे हात धरला. "व्हडल्यान सांग रे, आयकूंक येना."

मी आवाज चढवला. त्यांना अर्धंच कळलं. आणखी चढवला. कुंपणाबाहेरून चाललेल्या दोन बायका थांबल्या. ती दारात चौकटीला टेकून उभी होती.

"मी विचारलं तेव्हा काय म्हणालास, तेपण सांग," ती म्हणाली.

"तिने विचारलं मला! काही बदललंय काय म्हणून! मी ना म्हटलं! मालकापुढे पण खोटं बोललो!"

वडील माझ्या तोंडाकडे बघत होते. मग तिच्याकडे. मग परत माझ्याकडे.

"म्हणजे चेडवान चडयल्लें?" त्यांनी मुलीकडे बोट केलं.

"चडयल्लें!" मी ओरडलो. "आदल्या दिसा चडयल्लें! दोनपारां!"